आयर्न मेडनची पन्नास वर्षं, आणि त्यातली ब्लेझवाली पाच

रंगभवनवाला

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या पन्नाशीचा दौरा २७ मे २०२५ ला बुडापेस्टमध्ये सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापत ठेवलं आणि पहिल्या रात्री काय काय वाजवलं याची यादी शोधली. 'किलर्स' आहे, 'फँटम ऑफ द ऑपेरा' आहे, तेरा मिनिटांच्या वर चालणारं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' आहे. वाचतावाचता अंगावर काटा आला. शेवटपर्यंत गेलो आणि परत वरून वाचायला घेतली. मधल्या काळातला गायक ब्लेझ बेली, त्याच्या काळातलं एकही गाणं नाही.

हा दौरा पहिल्या नऊ अल्बमांचा, म्हणजे १९८० ते १९९२ एवढाच, हे बँडनं आधीच सांगून टाकलं होतं. २००० नंतरचंही त्यात काही नाही. त्यामुळे ब्लेझला मुद्दाम वगळलं असं मी म्हणणार नाही. पण २००० नंतरच्या गाण्यांची बाजू घ्यायला पुष्कळ लोक आहेत. १९९४ ते १९९९ या पाच वर्षांसाठी कोणी बोलताना दिसत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना हे सगळं नवं आहे त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. स्टीव्ह हॅरिस, बेस वाजवणारा, वेस्ट हॅम फुटबॉल क्लबचा कट्टर पाठीराखा. त्यानं १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमधल्या लेटनला हा बँड काढला. पहिली चार वर्षं पबमध्ये वाजवण्यात आणि माणसं बदलण्यात गेली. १९८० ला पहिला अल्बम आला तेव्हा गायक पॉल डिआनो. दोन अल्बमांनंतर डिआनो बँडमधून बाहेर पडला, 'सॅमसन' बँडमधून ब्रूस डिकिन्सन आला, आणि १९८२ चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर. पुढच्या दहा वर्षांबद्दल मी लिहीत नाही, ती सगळ्यांना पाठ आहेत. १९९० ला गिटारवाला एड्रियन स्मिथ बाहेर पडला, त्याच्या जागी जानिक गर्स आला. १९९३ ला ब्रूसही गेला. १९९४ ला 'वुल्फ्सबेन'चा ब्लेझ बेली आला. त्याच्या आवाजात दोन अल्बम: 'द एक्स फॅक्टर' (१९९५) आणि 'व्हर्च्युअल इलेव्हन' (१९९८). १९९९ च्या सुरुवातीला ब्लेझला जायला सांगितलं, ब्रूस आणि एड्रियन दोघंही परतले. जानिकला कोणी काढलं नाही, म्हणून तेव्हापासून बँडमध्ये तीन गिटार.

आता माझं. माझी पहिली मेडन कॅसेट 'द एक्स फॅक्टर'. १९९६, दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली. मामानं दिलेले पैसे खिशात घालून दादरहून काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊसमध्ये गेलो. बँडची एकही ओळ तोवर ऐकलेली नव्हती. मित्राच्या वहीवर एडीचं, म्हणजे मेडनच्या कव्हरांवरच्या त्या भुताचं, चित्र होतं, तेवढ्या ओळखीवर कॅसेट उचलली. कव्हरवर एडीला यंत्रात घालून जिवंत चिरलेला. आजीच्या नजरेला पडू नये म्हणून आतला कागद उलटा घातला. दुपारी सगळे झोपल्यावर टू-इन-वनचा आवाज बारीक करून लावली. पहिलंच गाणं, 'साइन ऑफ द क्रॉस', अकरा मिनिटांचं. आधी चर्चमधल्या जोग्यांसारखं संथ समूहगान, मग कुजबुजल्यासारखी वाद्यं, आणि मग तो खोल, दमलेला, एकट्या माणसाचा आवाज. ते गाणं त्या दुपारी मी चार वेळा ऐकलं. मेडनचा आवाज म्हणजे हाच, असं माझ्या डोक्यात बसलं.

कॉलेजात गेल्यावर रंगभवनच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथे कोणत्याही बँडनं मेडनचं 'हॅलोड बी दाय नेम' धरलं की अख्खं मैदान गायचं. तिथल्याच मोठ्या पोरांनी मला समजावलं, 'अरे, तू ऐकतोस तो खरा मेडन नाही.' तेव्हा गप्प बसलो. आता पंचेचाळिशी गाठली, आता बोलतो.

हॅरिसनं आयुष्यातली सगळ्यात उघडी गाणी याच काळात लिहिली असं माझं ठाम मत आहे. लग्न मोडलेलं, गायक सोडून गेलेला, आणि ते सगळं 'द एक्स फॅक्टर'च्या प्रत्येक गाण्यात मुरलेलं आहे. आणि बँडच्या पडत्या काळाचा ब्लेझच्या माथी जो दोष मारला जातो त्यातला अर्धा तरी त्याचा नाही. तुम्हाला काय वाटतं?

काळा_चहा

फार दिवसांनी इथे मेटलवर धागा आला. मला ब्लेझची गाणी आवडतात हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आज सांगतो. वाचतोय.

गोरेगाव_पूर्व

रंगभवनवाले, लिहिलंय मनापासून, पण मला पटलेलं नाही. पहिल्या कॅसेटवर जीव जडतो, ते समजू शकतो. तरी आकडे बघा. १९९२ चा 'फिअर ऑफ द डार्क' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर. 'द एक्स फॅक्टर' आठव्यावर. 'व्हर्च्युअल इलेव्हन' सोळाव्यावर. अमेरिकेत ज्या बँडनं मोठी क्रीडागारं भरवली तो क्लबमध्ये वाजवायला लागला. ब्लेझचा गळा बसला म्हणून दौऱ्यातले कार्यक्रम रद्द करावे लागले.

मी दोन्ही अल्बम पूर्ण ऐकलेत, एकदा नव्हे, अनेकदा. 'द एंजल अँड द गॅम्बलर' ऐकताना तीच ओळ किती वेळा येते ते मोजून बघा. जवळजवळ दहा मिनिटांचं गाणं आणि त्यातला अर्धा वेळ एकाच प्रश्नाचं पालुपद. 'द एक्स फॅक्टर'चं ध्वनिमुद्रण इतकं कोरडं आहे की ड्रम बंद खोलीत वाजवल्यासारखे वाटतात. हॅरिसच्या दुःखाबद्दल आदर आहे. पण दुःख झालं म्हणून अल्बम चांगला होत नाही.

मेडन म्हणजे 'पॉवरस्लेव्ह' हा अल्बम. १९८४-८५ चा वर्ल्ड स्लेव्हरी टूर आठवा. पोलंडमध्ये, लोखंडी पडद्यापलीकडे, पूर्ण सरंजाम घेऊन जाणारा बँड. त्याच दौऱ्यात १९८५ च्या जानेवारीत ब्राझीलमधल्या 'रॉक इन रिओ' महोत्सवाला. ती उंची ज्यानं पाहिली त्याला ती पाच वर्षं उतारच वाटणार.

लेस्टरकर

मी एकवीस वर्षं इंग्लंडात आहे, इथल्या बाजूनं थोडं लिहितो.

गोरेगाव, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण ते एकट्या ब्लेझच्या खात्यावर कसे टाकता? १९९१ ला निर्वाणा या बँडचा बोलबाला झाला आणि अमेरिकेत सगळंच पालटलं. लांब केस, लांब गाणी, दोन गिटारांची जुगलबंदी, हे सगळं एका हंगामात जुनं ठरलं. त्याच सुमारास जूडास प्रीस्ट हा दुसरा मोठा मेटल बँड सोडून त्यांचा गायक रॉब हॅलफर्ड गेला, त्यांनी टिम ओवेन्सला घेऊन काढलेले अल्बमही असेच उपेक्षित राहिले. हॅलफर्ड २००३ ला परतला तेव्हा प्रीस्ट पुन्हा उभं राहिलं. हा त्या दशकाचाच फटका होता. ब्रूस राहिला असता तरी मेडनला तो बसलाच असता. 'नो प्रेयर फॉर द डाइंग' हा १९९० चा अल्बम ब्रूसचाच आहे आणि त्याला कोणी सुवर्णकाळ म्हणत नाही.

दुसरं, हा बँड उतारावर टिकू शकला तो सुरुवातीच्या दिवसांमुळे. लंडनला आल्यावर मी एकदा मुद्दाम स्ट्रॅटफर्डजवळ मेरिलँडला गेलो. तिथे कार्ट अँड हॉर्सेस नावाचा पब आहे, मेडनचं जन्मस्थान म्हणून पाटी लावलेली. जागा लहान आहे. आपल्याकडच्या मंगल कार्यालयाचं स्टेज त्याच्यापेक्षा मोठं असतं. तिथे उभं राहिल्यावर १९७६-७७ कसं असेल ते कळतं. बाहेर सगळीकडे पंकची, म्हणजे छोट्या, आडदांड गाण्यांची लाट, रेकॉर्ड कंपन्यांना पंकच हवं, आणि हॅरिस आतमध्ये मोठाली, वळणावळणाची गाणी वाजवतोय.

१९७८ च्या वर्षअखेरीला त्यांनी केंब्रिजच्या स्पेसवर्ड स्टुडिओत चार गाणी मुद्रित केली. ती टेप नील के या डीजेकडे गेली. लंडनच्या किंग्जबरी भागात तो फक्त हेवी रॉकच्या रात्री भरवायचा. लोक त्या टेपमधली गाणी मागून मागून ऐकायला लागले. मग १९७९ च्या नोव्हेंबरात त्यांतली तीन गाणी 'द साउंडहाउस टेप्स' या नावानं स्वतःच काढली. पाच हजार प्रती, काही आठवड्यांत संपल्या. त्यानंतर ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं करार केला. हे सगळं व्हायच्या आधी तीन-चार वर्षं कोणी विचारत नव्हतं आणि हॅरिस वाजवत होता. १९९५ ला क्लबमध्ये वाजवायची पाळी आली तेव्हा त्याला ते नवीन नव्हतं. तो तिथूनच आलेला.

पावसाळी_ट्रेकर

लेस्टरकरदादा, त्या पबबद्दल फार सुंदर लिहिलंत. मी पुढच्या वर्षी लंडनला बहिणीकडे जाणार आहे, नक्की जाईन.

मी १ फेब्रुवारी २००८ ला बीकेसीच्या मैदानावर होते. 'समव्हेअर बॅक इन टाइम' या जागतिक दौऱ्याची सुरुवातच मुंबईतून झाली, हे आजही सांगताना छाती भरून येते. आदल्या वर्षी बंगळुरूला पॅलेस ग्राउंडवर आले होते, तिथे भाऊ गेला आणि मला घरच्यांनी सोडलं नाही. त्यामुळे मुंबई जाहीर झाल्यावर मी पहिल्या दिवशी तिकीट काढलं.

स्वतःचं बोइंग ७५७ घेऊन आले होते. शेपटीवर एडी, आणि कॉकपिटमध्ये खुद्द ब्रूस. तेव्हा तो एका विमान कंपनीत खराखुरा वैमानिक होता. माणसं आणि वाद्यांचा टनावारी सरंजाम एकाच विमानात. इथून ते पर्थला गेले.

अंधार पडला, चर्चिलचं भाषण सुरू झालं आणि 'एसेस हाय'चा पहिला ठोका पडला. माझ्या शेजारी पन्नाशीचे एक काका होते, ऑफिसच्या शर्टात, थेट कामावरून आलेले. 'फिअर ऑफ द डार्क'ची सुरुवातीची धून सगळं मैदान गात होतं तेव्हा ते रडत होते. मी त्यांना पाण्याची बाटली दिली. एक शब्द बोललो नाही आम्ही. शेवटची गाडी पकडायला कुर्ल्यापर्यंत पायी चालत गेलो, तिथे फलाटावर पुन्हा तेच काका, आणि त्यांनी लांबून हात वर केला.

त्या रात्रीही ब्लेझच्या काळातलं एकही गाणं नव्हतं. तेव्हा जाणवलंही नाही. रंगभवनवाले, तुमचा धागा वाचून आज जाणवलं.

इतिहासवेडा

थोडं अवांतर होतंय, पण राहवत नाही. १९८६ च्या 'समव्हेअर इन टाइम' अल्बमवर शेवटचं गाणं 'अलेक्झांडर द ग्रेट' आहे. शिकंदराचा सगळा प्रवास त्यात क्रमानं येतो आणि शेवटाकडे त्याच्या फौजेनं हिंदुस्थानात पुढे यायला नकार दिला, तेही येतं. आपल्याकडे शाळेत बियास नदीपाशी धडा थांबतो, तिथेच. हे गाणं त्यांनी तब्बल ३७ वर्षं मंचावर वाजवलं नव्हतं. २०२३ च्या दौऱ्यात पहिल्यांदा वाजलं. तेव्हा आज ब्लेझची गाणी यादीत नाहीत म्हणजे कायमची गेली असं समजू नका.

काळा_चहा

आणि 'द क्लॅन्समन'? ते तर ब्रूसनं गायलेलं उत्तम गाणं आहे, रॉक इन रिओच्या ध्वनिमुद्रणात. ते कुठल्या अल्बमवरचं?

रंगभवनवाला

काळा चहा, तुम्ही माझ्या मनातलं काढलंत. ते ब्लेझचं! 'व्हर्च्युअल इलेव्हन'वरचं. स्कॉटलंडमधल्या टोळ्यांच्या लढ्यावरचं, हॅरिसनं लिहिलेलं. २००१ च्या जानेवारीत रिओला अडीच लाखांसमोर ब्रूस ते गायला आणि तेव्हापासून लोकांना ते ब्रूसचंच वाटतं. त्याच रात्री 'साइन ऑफ द क्रॉस'ही वाजलं. म्हणजे ज्या काळाला 'पडता काळ' म्हणतात त्यातली दोन गाणी बँडनं पुनरागमनाच्या सगळ्यात मोठ्या रात्री वाजवली.

लेस्टरकर

२०१८ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ओटू अरिनात मी दोन्ही ऐकली, एकाच रात्री. त्या दौऱ्याच्या यादीत ही दोन्ही होती. 'द क्लॅन्समन'ला ब्रूस तलवार घेऊन आला होता. माझ्या मागे एक स्कॉटिश कुटुंब होतं, आजोबांपासून नातवापर्यंत, सगळे उभे राहून गात होते.

मंद्रसप्तक

मी या संगीतातली नाही. तीस वर्षं कंठसंगीत शिकवते. धाग्याच्या नावातला 'मेडन' शब्द ओळखीचा वाटला, कारण मुलाच्या खोलीतून तो कानावर येतो. मुलाला विचारलं आणि त्यानं मला तीन तुकडे ऐकवले: डिकिन्सन यांचं एक जुनं गाणं, तेच गाणं बेलींनी मंचावर गायलेलं, आणि बेलींचं स्वतःचं 'साइन ऑफ द क्रॉस'. त्यावरून एक गायनशिक्षिका म्हणून लिहिते.

हा सगळा पट्टीचा, म्हणजे 'सा' किती उंचीवर धरायचा याचा प्रश्न आहे.

डिकिन्सन यांचा गळा तार सप्तकात मोकळा होतो. जिथे इतरांचा आवाज ताणला जातो तिथे त्यांचा फुलतो. त्यामुळे त्यांच्यासाठी रचलेली गाणी वरच उभी आहेत, अस्ताई संपून अंतऱ्याला जातो तसं प्रत्येक गाणं वर वर चढतं. बेलींचा आवाज त्याच्या उलट. मंद्राकडे गेला की त्याला वजन येतं, गांभीर्य येतं. 'साइन ऑफ द क्रॉस'चा पूर्वार्ध ऐकताना मला वाटलं, हा माणूस आपल्या घरात बसून गातोय. एक सूर इकडे तिकडे नाही. आणि दुसऱ्या तुकड्यात, जुन्या गाण्यात, तोच माणूस दुसऱ्याच्या घराच्या माळ्यावर चढायला लावल्यासारखा. षड्ज बदललेला नाही. त्याच पट्टीत, तेवढ्याच उंच.

आमच्याकडे पेटीच्या काळी एकमध्ये गाणाऱ्या मुलाला कोणी काळी चारमध्ये बसवत नाही. बाई आणि पुरुष एकत्र गाणार असतील तर आधी पट्टीचा विचार होतो. पंडित जसराजांची जसरंगी जुगलबंदी याच अडचणीतून आली, की दोघांनी आपापल्या पट्टीत राहावं आणि मूर्च्छनेनं जोडावं. कुमारजींचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. क्षयानंतर लांब दमसास राहिला नाही, तर त्यांनी छोट्या, तेजस्वी तुकड्यांची गायकीच उभी केली. गळा जसा आहे तशी गायकी घडते. बेलींच्या बाबतीत नवी गाणी त्यांच्या गळ्याला धरून झाली आणि ती शोभतात. जुनी मात्र त्यांना दुसऱ्याच्या पट्टीत, रोज रात्री, महिनोन्महिने गायला लावली. असा गळा बसला तर मी गायकाला दोष देणार नाही. माझ्या विद्यार्थ्यावर अशी वेळ आली असती तर मी कार्यक्रमच होऊ दिला नसता.

धातिट

मंद्रसप्तक ताई, दंडवत. पंचवीस वर्षं हे ऐकतोय, मेटलच्या लोकांनी इतकं स्वच्छ कधी सांगितलं नाही.

मी तबला शिकलो आणि कॉलेजात बेस वाजवला, म्हणून वाद्यांच्या बाजूनं जोडतो. पट्टी उतरवणं त्यांना अवघड नव्हतं. गिटार-बेसच्या तारा अर्ध्या किंवा एका सुरानं सैल करायच्या, कितीतरी बँड गायकाचं वय वाढलं की तेच करतात. मेडननं तारा नेहमीच्याच सुरात ठेवल्या.

हॅरिसचं वाजवणं ज्यानं जवळून ऐकलंय त्याला यामागचं एक कारण कळेल. मेडनची ती प्रसिद्ध घोडदौड, ती म्हणजे एक लांब आणि दोन आखूड ठोके: धा-तिट, धा-तिट, धा-तिट. हॅरिस ती पिक (तार छेडायची चकती) न वापरता दोन बोटांनी वाजवतो, आणि कितीदा तरी सगळ्यात जाड, मोकळ्या तारेवर. तिचा ताण हाच त्या दौडीचा जीव. 'द ट्रूपर' घ्या, बालाक्लावाच्या १८५४ च्या घोडदळाच्या हल्ल्यावरचं. तार सैल केली की घोडा दुडक्या चालीनं जायला लागतो. बेसवाला म्हणून मला हॅरिसचं मन कळतं. गाणारा माणूस म्हणून ब्लेझची कीव येते.

गोरेगाव_पूर्व

हे मला पटलं. स्पष्ट सांगतो, पट्टीचा मुद्दा मी कधी असा बघितला नव्हता. ब्लेझवर माझा जो राग होता तो मी मागे घेतो.

पण मग राग कुठे जायचा? हॅरिसकडेच ना? गायक त्यानं निवडला. इतक्या वेगळ्या आवाजाचा निवडला. आणि निवडल्यावर त्याच्यासाठी एक सूर खाली यायला तयार झाला नाही. 'द एक्स फॅक्टर'चं कोरडं ध्वनिमुद्रण एसेक्समधल्या त्याच्याच घरच्या स्टुडिओतलं, निर्मितीही नायजेल ग्रीनबरोबर त्याचीच. पाच वर्षांनी गळा बसला, विक्री बसली, तर बाहेर कोण गेलं? ब्लेझ.

रंगभवनवाला

गोरेगाव, याचं उत्तर देताना मला त्रास होतोय, कारण हॅरिस माझा देव आहे. पण तुमचं बरोबर आहे.

एवढंच म्हणेन की हा हट्ट आणि बँडचं असणं या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. १९७७ ला 'केस कापा, पंक वाजवा' म्हणणाऱ्यांना त्यानं ऐकलं असतं तर आज आपण इथे बोलत नसतो. पहिल्या अल्बमच्या वेळी बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमात सगळे नुसते ओठ हलवायचे, हे प्रत्यक्ष वाजवून आले. 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'सारखं कोलरिजच्या कवितेवरचं एवढं लांब गाणं रेडिओवर कधीच वाजणार नाही हे माहीत असूनही त्यानं ते लिहिलं. या सगळ्या वेळी तोच हट्ट कामी आला. ब्लेझच्या वेळी त्याच हट्टानं एका माणसाचा गळा घेतला. दोन्ही खरं आहे आणि मी दोन्ही सांगायला हवं होतं.

ब्लेझबद्दल अजून एक. तो नुसता उसना गळा नव्हता. 'मॅन ऑन द एज' त्यानं आणि जानिकनं लिहिलं, ते ब्रिटनमध्ये पहिल्या दहात गेलं. 'व्हर्च्युअल इलेव्हन'चं शेवटचं गाणं, 'कोमो एस्ताइस अमिगोस', तेही त्या दोघांचं. १९८२ च्या फॉकलंड युद्धात मेलेल्यांसाठीचं, दोन्ही बाजूंच्या. ते एकदा शांतपणे ऐका.

पावसाळी_ट्रेकर

त्या पाच वर्षांत ब्रूस काय करत होता तेही इथे यायला हवं, नाहीतर तो घर सोडून गेलेला माणूस एवढाच दिसतो. १९९४ च्या डिसेंबरात तो आपल्या नव्या बँडबरोबर बोस्नियातल्या सारायेव्होला गेला. शहराला वेढा पडलेला, माऱ्यात माणसं मरत होती. ट्रकमधून इग्मन डोंगराच्या वाटेनं आत शिरले आणि तिथे कार्यक्रम केला. तिथल्या त्या वेळच्या पोरांच्या मुलाखती मी पाहिल्यात. वीज नाही, पाणी नाही, आणि कोणीतरी बाहेरून आपल्यासाठी गायला आलंय, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

मग १९९७ ला 'ॲक्सिडेंट ऑफ बर्थ', त्यात एड्रियन स्मिथ त्याच्याबरोबर. १९९८ ला 'द केमिकल वेडिंग', विल्यम ब्लेकच्या कवितेतून सुचलेलं. हे दोन्ही अल्बम त्या वेळच्या मेडनपेक्षा जास्त मेडनसारखे होते, असं मला वाटतं. ब्रूस आणि एड्रियन जोडीनं परतले त्याची तयारी इथेच झाली.

धातिट

आणि २००० च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मधल्या काही गाण्यांची सुरुवात ब्लेझच्या काळातच झालेली होती, हेही नोंदवतो. म्हणजे ब्रूस परतला तेव्हा पाटी कोरी नव्हती.

काळा_चहा

ब्लेझ नंतर कसा आहे? अजून गातो का?

लेस्टरकर

गातो. १९९९ नंतर थांबलाच नाही. स्वतःचा बँड काढला, २००० ला 'सिलिकॉन मसायाह' नावाचा फार ताकदीचा अल्बम आला, आणि तिथे गाणी त्याच्या पट्टीत आहेत. मंद्रसप्तक ताई, मुलाला सांगून तुम्ही तो ऐकाच. २०२३ ला हृदयविकाराचा झटका आला, बायपास झाली, आणि त्यातून उठून पुन्हा मंचावर उभा राहिला. लहान जागा असतात, दोनशे-तीनशे लोक. त्या जागांमध्ये तो मेडनमधली स्वतःच्या काळातली गाणी गातो आणि लोक ती शब्दन्‌शब्द म्हणतात.

मंद्रसप्तक

ऐकला. मुलानं काल रात्री जेवण झाल्यावर लावला. हाच तो आवाज, आणि आता मोकळा. मुलाला म्हटलं, पुढच्या वेळी हे लावशील तेव्हा दार लोटून घेऊ नकोस.

रंगभवनवाला

ताई, ती 'द एक्स फॅक्टर'ची कॅसेट माझ्याकडे अजून आहे. टू-इन-वन केव्हाच गेला. पण तुमच्या प्रतिसादानंतर मी कॅसेट काढली, आणि तीस वर्षांनी आतला कागद सुलटा करून घातला.